घटस्फोटानंतर मुलीला भेटू देत नाहीत, अवमान याचिका करावी का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने महिन्यातून दोन रविवार मुलीची भेट दिली, चार महिन्यांत एकही झाली नाही, आणि आता थेट हायकोर्टात अवमान याचिका टाकायची आहे. मी नेमकं हेच केलं होतं आणि त्यात वर्ष गेलं. माझं ऐकाल तर आधी दरखास्त लावा, म्हणजे मिळालेल्या आदेशाची अंमलबजावणी करून द्या असा अर्ज.

माझ्या आदेशात होतं, 'वडिलांना महिन्यातून दोनदा, परस्पर सोयीने भेटता येईल.' वेळ नाही, जागा नाही, मुलीला आणणार कोण तेही नाही. हायकोर्टाच्या खंडपीठातून नोटीस निघाली. मुलीच्या आईकडून उत्तर आलं: एकदा परीक्षा होती, एकदा ताप होता, एकदा हेच बाहेरगावी होते. १९७१ च्या अवमान कायद्यात आदेश जाणूनबुजून मोडला हे दाखवावं लागतं. 'परस्पर सोयीने' लिहिलेलं असताना ते मी कशावरून दाखवणार होतो? पुढे भेट देऊ असं त्यांनी सांगितलं, याचिका निकाली निघाली. मुलगी काही भेटली नाही.

शिक्षा म्हणाल तर जास्तीत जास्त ६ महिने साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माफी मागितली तर तीही टळू शकते. आणि समजा झालीच, तर पोरीला एवढंच कळेल की बाबांनी आईला जेलमध्ये टाकलं. हे मला फार उशिरा सुचलं.

तर आदेशाची नक्कल काढा आणि त्याच कोर्टात दरखास्त लावा. सोबत आदेश स्पष्ट करून देण्याचा अर्ज द्या: कोणते रविवार, किती ते किती, कुठे, आणणार कोण, आजारपण आलं तर बदली दिवस कोणता, उन्हाळ्याच्या सुट्टीत किती दिवस, मधल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल कधी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली असे आदेश पुढेही बदलून मिळतात. मुलाला आईवडील दोघांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे आणि व्हिडिओ कॉलनेही संपर्क ठेवता यावा, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय. वकिलांना तो निकाल जोडायला सांगा. घटस्फोट संमतीने झाला असेल आणि भेटीची लेखी हमी कोर्टाला दिलेली असेल, तर अवमानातही तुमची बाजू बरीच भक्कम होते.

पुरावा आजपासून ठेवा. मी मे महिन्याच्या उन्हात, फोनवर ठरल्याप्रमाणे, महाराजबागेच्या फाटकाशी दोन-दोन तास उभा राहिलो आणि रागात एकही मेसेज केला नाही. कागदावर ते थांबणं झालंच नाही. तुम्ही दर वेळी साधं लिहा, 'मी आलोय, थांबलोय.' शिव्याशाप नकोत. तो मेसेज उद्या न्यायाधीश वाचतील. पोटगी एक महिनाही थांबवू नका, भेट अडवली म्हणून ती थांबवता येत नाही, उलट तुम्हीच अडकाल.

एवढं करूनही भेट मिळाली नाही तर अवमान याचिका जरूर करा, फक्त आदेश मोडल्यापासून १ वर्षाची मुदत असते, ती तारीख वहीत मांडून ठेवा.

नवा आदेश झाल्यावर माझी पहिली भेट समुपदेशक मॅडमसमोर झाली. पोरगी माझ्याशी बोललीच नाही, मॅडमकडे बघत बसली. तिसऱ्या भेटीत तिने शाळेतल्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. तुमच्या मुलीलाही वेळ लागेल. त्या दिवशी तिच्यासमोर पेशीचा, वकिलाचा, आईचा विषय काढू नका.