दोन वर्षांचा ‘अनुभव’ विकत घेऊ नका

प्रश्न : मुलगा मेकॅनिकल बी.ई. चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत तीन वर्षं आहे, पगार २४ हजार. मावसभाऊ आयटीत दुप्पट कमावतो. पुण्यातल्या क्लासचा सहा महिन्यांचा फुल स्टॅक जावा कोर्स आहे. फी १ लाख ४० हजार, फायनान्स कंपनीकडून हप्ते, शंभर टक्के प्लेसमेंट. रेझ्युमेवर दोन वर्षांचा आयटीचा अनुभवही ते दाखवून देतात. मी दहा हजार भरून जागा धरली, पण तो राजीनामा द्यायला टाळाटाळ करतो. त्याला समजवा. – एक पालक, मिरज

उत्तर : समजवायचं ते तुम्हालाच. तुमच्या पत्रात फी आहे, मावसभावाचा पगार आहे, पण मुलाला काय हवंय याची एक ओळ नाही. कमावत्या मुलाची जागा परस्पर धरलीत आणि आता त्याच्या टाळाटाळीचं नवल करताय. त्या क्लासबद्दल त्याला काही खटकलं असेल आणि तुमच्यापुढे बोलता येत नसेल, असंही असू शकतं. आधी ते विचारा.

खटकण्यासारखं तर खूपच आहे. ‘अनुभव दाखवून देतात’ ही सोय नव्हे, फसवणूक आहे, आणि सही तुमच्या मुलाची असणार आहे. नोकरी देताना कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात, त्यात यूएएनवरून (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) पीएफची नोंद पाहिली जाते. क्लासवाले कुठल्याशा कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा देतील. पण त्याच दोन वर्षांत मुलाचा पीएफ चाकणच्या कारखान्याकडून जमा झालाय. खोटं त्याच्याच पासबुकात उघडं पडेल. मग ऑफर रद्द होते. रुजू झाल्यावर कळलं तर नोकरी जाते. शिवाय मुलाखतीत दोन वर्षं अनुभवी माणसाला विचारतात ते प्रश्न सहा महिन्यांत शिकलेल्याला झेपत नाहीत, ते वेगळंच.

हप्त्यांचंही बघा. हे कर्ज सहसा मुलाच्या नावावर असतं आणि फी क्लासला आधीच मिळालेली असते. क्लास अर्धवट सोडला किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ता थांबेल हे गृहीत धरू नका. चुकला की सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) बिघडतो. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा अर्थ करारात वाचा. बहुतेकदा तिथे नोकरीऐवजी ‘मुलाखतीचे कॉल’ लिहिलेले असतात. मूळ प्रमाणपत्रं आणि कोरे चेक कुणी मागितले तर उठून या.

सरळ रस्ता हवा असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा सॉफ्टवेअरचा डिप्लोमा आहे : सहा महिने पूर्णवेळ, सी-कॅट या प्रवेश परीक्षेतून प्रवेश. सी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटा स्ट्रक्चर्स (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) यांची तयारी आधी लागते, आणि नोकरीची हमी तिथेही नाही.

पण त्याआधी मुलाने (त्याचं मन असेल तरच) नोकरी न सोडता आठ आठवडे रोज दीड तास द्यावा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स फुकट आहे, सोबत थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). मग कारखान्यातल्या रिजेक्शन रजिस्टरसारखा (नाकारलेल्या मालाची नोंदवही) तीन महिन्यांचा तक्ता काल्पनिक आकडे घालून बनवावा (कारखान्याचा खरा डेटा बाहेर नेऊ नये) आणि कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणत्या दोषाने माल जातो याचा पॅरेटो (सर्वांत जास्त नुकसान करणारी कारणं आधी दाखवणारा आलेख) प्रोग्रामने काढावा. पहिल्या आठवड्यात फाइलच नीट वाचली जाणार नाही : तारखा दोन पद्धतींनी लिहिलेल्या, एकाच दोषाची चार स्पेलिंगं. हे निस्तरताना रात्रीचे अकरा वाजल्याचं त्याला कळलं नाही, तर त्याने या क्षेत्रात यावं. तिसऱ्या आठवड्यात वही मिटली, तर तुमचे १ लाख ४० हजार वाचले.

जमलं, तरी त्याने फ्रेशर जावा डेव्हलपरांच्या रांगेत मागे का उभं राहावं? एसपीसी, ८डी, पीपीएपी या कारखान्यातल्या गुणवत्ता-नियंत्रणाच्या पद्धती, हे त्याला प्रत्यक्ष कामातून माहीत असणार. कॉम्प्युटरच्या पदवीधराला ते नसतं. सॅप या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं क्वालिटी मॉड्यूल, एमईएस (कारखान्यातल्या उत्पादनावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर), उत्पादनाच्या डेटाचं विश्लेषण इथे ही तीन वर्षं मोजली जातात, आणि ती खरी आहेत. आधी स्वतःच्याच कारखान्यात सॅप कोण सांभाळतं ते त्याने पाहावं, त्या माणसाशी बोलावं.

दहा हजार लेखी अर्ज करून परत मागा. आणि राजीनाम्याचा विषय तो काढेपर्यंत घरात काढू नका.