वाचक विचारतात : ईस्टरची तारीख

प्रश्न : ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का? पंचांगावरून काढता येईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. इथेच बहुतेकांचं चुकतं. शिवाय चर्चची पौर्णिमा आकाशातली नव्हे, कोष्टकातली. त्यामुळे पंचांगाशी कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

या हिशेबापायीच युरोपचं कॅलेंडर बदललं. आधीच्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटं लांब. त्यामुळे सोळाव्या शतकात वसंतसंपात (दिवस-रात्र सारखे असण्याचा मार्चमधला दिवस) २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत सरकला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. प्रॉटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत अडून बसलं, आणि तोवर ११ दिवस गाळावे लागले!