वडिलांची बारा बोरची बंदूक मी विमानाने हैदराबादला नेली तर चालेल का?

भाऊ, तुमचा बेत मी दोनदा वाचला. आबा रेल्वेने हैदराबादला जाणार, तिथे गनमनची, म्हणजे बंदूकधारी रखवालदाराची, नोकरी धरणार आणि त्यांची बारा बोर तुम्ही जळगावहून विमानात टाकून मागाहून नेणार. असं करू नका. परवाना आबांच्या नावावर आहे, म्हणजे विमानात बंदुकीसोबत आबाच हवेत. त्यांच्या लेखी अधिकारपत्राशिवाय तुमच्याकडे ती सापडली की ते विनापरवाना हत्यार. पोटच्या पोराला त्यात सवलत नाही. न्यायचीच असेल तर उलट करा, आबांना विमानात बसवा आणि तुम्ही रेल्वेने या.

मी वरणगावचा. फौजेतून सुटल्यावर सहा वर्षं गुडगावला गनमन होतो आणि माझी दोन नळ्यांची बंदूक मुंबईहून दिल्लीला विमानानेच नेली होती. तिकीट काढायच्या आधी परवाना उघडा आणि तो कुठपर्यंत चालतो तो रकाना वाचा. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या परवान्यावर फक्त महाराष्ट्र असतं, कारण घेताना कारण लिहिलेलं असतं केळीच्या बागेत शिरणारी रानडुकरं. असा परवाना तेलंगणात चालत नाही. विमानाचं सोडा, रावेरहून पुढे बऱ्हाणपूरला किंवा शिरपूरहून सेंधव्याला गाडीने गेलात तरी तो हद्दीवरच संपतो. परवान्याची हद्द संपूर्ण भारतापर्यंत वाढवून हवी असेल तर त्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि त्याला वेळ लागतो. यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेलं परवान्याचं जुनं पुस्तक असेल तर आधी तेच काम करा.

परवाना ठीक असेल तर बाकीचं सोपं आहे. विमान कंपनीला फोन करून आधीच सांगायचं. शुल्क आणि किती तास आधी कळवायचं हे प्रत्येकीचं वेगळं. जळगावहून उडतात ती विमानं लहान, तिथे घेतात की नाही हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. बंदूक केबिनमध्ये चालत नाही, ती सामानाच्या कप्प्यातच जाते. मी नळी, दस्ता सुटं करून कुलपाच्या कडक पेटीत ठेवलं होतं, काडतुसं वेगळी, त्यांच्या मूळ डब्यात. आंतरराष्ट्रीय नियमात काडतुसांचं वजन माणशी ५ किलोपर्यंतच असतं, कंपनी त्याहून कमीही ठरवू शकते. मी वीसच नेली. काउंटरवर पेटी ठेवण्याआधी तोंडाने सांगायचं, "यात परवान्याची बंदूक आहे." मग ते रिकामी असल्याची खात्री करतात, परवाना बघतात, घोषणापत्रावर सही घेतात. या सगळ्यात माझा तासभर गेला. उतरल्यावर ती पट्ट्यावर शोधत बसलो नाही, कर्मचाऱ्याने परवाना बघून हातात दिली.

खरी फजिती माझी झाली ती बंदूक सोबत नसताना. लेकीकडे बंगळूरला निघालो होतो, पाठीवर ड्यूटीची जुनी पिशवी. एक्सरेत कोपऱ्यातल्या कप्प्यात एक काडतूस दिसलं. ज्या गावात काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, तिथला माणूस एका काडतुसापायी बाकड्यावर बसला! परवाना खिशात होता म्हणून लेखी जबाबावर सुटलो, विमान मात्र गेलं. परवाना नसता तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा झाला असता. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं असं दाखवता आलं तर न्यायालयं असे गुन्हे रद्द करतात, पण तोवर परगावच्या कोर्टाच्या खेपा कोण मारणार? म्हणून आबांची प्रत्येक पिशवी, जाकिटाचा प्रत्येक खिसा उलटा करून झटका. नवी पिशवी घेतलीत तर उत्तमच.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की जाताना मधे मावसभावाच्या हळदीला थांबून बंदुकीचे एकदोन बार काढू. ते डोक्यातून काढा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेदरकारपणे केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितलं आहे का ते आधी विचारा. जमा असेल तर आबांना काही दिवस मोकळ्या हातानेच हैदराबादला जावं लागेल.