उत्तर: गॅरेजमधल्या दुकानातलं लिनोकट, खणाची बॅग, गंजिफा आणि कोल्हापुरी – घ्यावं की सोडावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये नवं दुकान निघालंय. तिथे लिनोकटचं चित्र २,८०० रुपये, खणाची बॅग १,६५०, फ्रेम केलेली गंजिफाची (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या खेळाची) चार पानं ३,५०० आणि कोल्हापुरी चप्पल २,४००. ‘अश्शाच’ वस्तू ऑनलाइन तिसऱ्या हिश्श्यात दिसतात, मग ही लूट आहे का? आणि भाचीची चित्रं तिथे विकायला ठेवावीत का? तुमच्या प्रश्नाखाली बऱ्याच जणांनी ‘लूट आहे, सोडा’ असं लिहून टाकलंय. मी काही वर्षं असंच दुकान चालवलंय, आता दुसऱ्यांच्या दुकानांसाठी माल निवडून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसती किंमत बघून काहीही कळत नाही. दुकानदाराला चार गोष्टी विचारायच्या: हे कोणी केलं, कसं केलं, असे किती नग केले, आणि करणाऱ्याला पैसे कधी मिळतात. पहिल्या तिन्हींची उत्तरं बरीचशी वस्तूकडे बघूनच पडताळता येतात. चौथ्या प्रश्नाला माणूस चाचरला की समजायचं ते समजावं.

लिनोकटपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. तुम्ही विचारलंत, ‘ओरिजिनल आहे की नुसती प्रिंट?’ लिनोकट दोन्ही असतं. कलाकार लिनोलियमच्या तुकड्यावर उलटं चित्र कोरतो, न कोरलेल्या उंच भागावर रोलरने शाई फिरवतो आणि कागद दाबून छाप घेतो. रंग दोन असले की सहसा छापायचं काम दोनदा. यात वेगळं ‘मूळ चित्र’ कुठे नसतंच, निघालेला प्रत्येक छाप मूळच. कॅनव्हासवरच्या चित्राचा फोटो काढून भारी इंकजेट यंत्रावर छापलेली प्रत ही निराळी गोष्ट. तीही देखणी असते, पण ती प्रतिकृती आहे आणि तिचा भाव प्रतिकृतीचा हवा. दुकानदाराने ती ‘लिमिटेड एडिशन आर्ट प्रिंट’ म्हणून लिनोकटशेजारी त्याच दरात लावली असेल तर मात्र तुमची शंका रास्त आहे.

ओळखायचं कसं? सोनाराकडे असतं तसं छोटं भिंग पर्समध्ये ठेवा, नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा. निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची जाळी दिसली की ते ऑफसेट, म्हणजे पुस्तकं-पोस्टरं छापतात ती यंत्रावरची छपाई. अगदी बारीक, विस्कळीत तुषार दिसले तर इंकजेट. लिनोकटमध्ये शाई सलग असते, पण पूर्ण सपाट नसते: मोठ्या काळ्या भागात मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके राहतात, आणि मोकळ्या जागेत कोरणीचे चुकार फराटे उमटलेले असतात. स्क्रीन प्रिंटमध्ये (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापतात ते) शाईचा थर जाड नि सपाट असतो, दोन रंग जिथे एकमेकांवर चढतात तिथे तिसरी कड दिसते. हल्ली छोट्या दुकानांत रिसोग्राफही (झेरॉक्ससारख्या यंत्रावर एकेक रंग वेगळा छापतात तो) पुष्कळ दिसतो. त्यात रंग केसभर सरकलेले असतात आणि बोट घासलं तर शाई थोडी बोटाला येते. तो दोष मानू नका, ती शाई पूर्ण वाळतच नाही. फक्त फ्रेम लगेच करून टाका.

छापाच्या खाली पेन्सिलीने आकडा असतो, समजा ७/४०. म्हणजे चाळीसच छाप काढले, त्यातला हा सातवा. सातवा म्हणून तो तिसाव्यापेक्षा सरस असं काही नाही. एपी लिहिलेलं असेल तर कलाकाराने स्वतःसाठी राखलेला छाप. इथे एक खोच आहे. इंकजेट प्रतीवरही ७/४० लिहिता येतं, आणि तीच फाइल पुढच्या महिन्यात मोठ्या आकारात पुन्हा ‘चाळीसच’ म्हणून छापता येते. म्हणून विचारायचं: हे चाळीस सगळे आकार मिळून का? लिनोकटच्या बाबतीत ब्लॉकचं नंतर काय केलं, तेही विचारा. काही जण ठरलेले छाप निघाले की ब्लॉकवर आडवी रेघ कोरून तो बाद करतात.

आणि कृपा करून ‘छापील म्हणजे हलकं’ असं मनात धरू नका. आपल्या आजी-पणजींच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती छापीलच होत्या. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाई तेव्हा दगडावरून व्हायची: एकेका रंगासाठी वेगळा दगड, असे कितीतरी दगड एका चित्राला लागायचे. घरच्या बायका मग त्या देवीच्या साडीवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवायच्या. आज अशी नटवलेली चित्रं जुन्या वस्तूंच्या बाजारात हौसेने शोधली जातात.

कागदाचंही बघा. आम्लरहित, सुती लगद्याचा कागद असेल तर दुकानदार आपणहून सांगतो, कारण त्याला तो महाग पडलेला असतो. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच. तुमचं घर कोकणात किंवा मुंबईत असेल तर हे आणखी महत्त्वाचं. एका पावसाळ्यात काचेमागे बुरशी धरते आणि कागदावर तपकिरी डाग पडतात, ते सहजासहजी जात नाहीत.

आता खण. पैठणीच्या खालोखाल सध्या ज्याचं सगळ्यात जास्त भजं झालंय ते कापड हेच. खण हे मुळात चोळीचं कापड, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं. पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद, दोन्ही बाजूंना काठ, आत बारीक नक्षी. गेल्या काही वर्षांत त्याच्या साड्या, जॅकेटं, डायऱ्या, मास्क, गणपतीची मखरं असं सगळं झालं आणि मागणी पुरवायला पॉलिएस्टरचा यंत्रमागावरचा खण आला. त्यानंतर आला नुसता छापलेला. छापलेला ओळखणं सोपं आहे: कापड उलटं करा. नक्षी विणलेली असेल तर मागे धागे दिसतात. मागची बाजू नुसती फिकट दिसली तर ती छपाई. पॉलिएस्टरची परीक्षा धागा जाळून. बॅग काही जाळता येत नाही, पण शिवणाऱ्याकडे कातरण उरलेलं असतं, एक चिंधी मागा. सुताचा धागा जळताना जळक्या कागदासारखा वास येतो आणि हलकी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टरची बॅग घेऊच नये असं मी म्हणत नाही, रोज ऑफिसला न्यायची तर ती जास्त टिकेल. फक्त ती १,६५० ला नको.

त्या १,६५० मध्ये कापडाचा वाटा बहुधा सगळ्यात कमी असतो. खण नाजूक, त्यामुळे मागे चिकटबकरम (इस्त्रीने चिकटणारं कडक कापड) किंवा कॅनव्हास लागतो, अस्तर लागतं. पन्हा अरुंद आणि काठ दोन्हीकडे, म्हणून काठ बॅगच्या मध्यावर आणायचा तर कापड वाया जातं. बॅग आतून उलटी करून बघा. शिवणीच्या कडांना पायपिंग आहे का, पट्टा जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुलीची दुहेरी शिलाई आहे का, चेन कोपऱ्यात अडकते का. ऑनलाइनच्या पाचशेच्या बॅगेत बचत नेमकी इथे केलेली असते, आणि फोटोत आतली बाजू नसते.

गंजिफाबद्दल मात्र मला तुमच्या दुकानदाराला एक प्रश्न विचारायचाय. दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० गोल पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. ही चार पानं फ्रेमसाठीच वेगळी रंगवून घेतली, की कुठला तरी संच फोडला? पहिलं असेल तर उत्तम, सावंतवाडीत अशी सुटी पानंही करून मिळतात. संच फोडला असेल तर मला ते खटकतं, कायद्याने त्यात काही चूक नसली तरी. ही कला जवळजवळ विझत आली होती. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली, आणि राजवाड्यात आजही काम करणारे चितारी बघायला मिळतात. तिकडे गेलात तर चितार आळीतली लाकडी फळंही बघून या.

हाताने रंगवलेलं पान ओळखायला आकड्याचं पान मागा, राजाचं नको. मत्स्याची सत्ती घेतली तर तिच्यावर सात मासे असतात. सातही मासे अगदी एकसारखे, शेपटीचा वळसाही तोच, तर छपाई. रंगवलेल्यात एखादा मासा किंचित जाडा असतोच.

२०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यानंतर कोल्हापुरीबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटपते. २०१९चं भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे कुठल्या भागातल्या मालाला हे नाव लावता येतं ते ठरवणारी नोंदणी) महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणून ‘ही बेळगावकडची आहे’ असं दुकानदाराने सांगितलं तर तो फसवत नाहीये. तळाची कड बघा: चामड्याचे थर दिसले पाहिजेत, आणि शिलाई चामड्याच्या वादीची हवी. आत खिळा किंवा फोम सापडला तर ठेवून द्या. वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं सुरुवातीला फिकट असतं, वापरून आणि तेल लावून गडद होतं.

आता चौथा प्रश्न, म्हणजे पैशांचा. छोटी दुकानं माल दोन प्रकारे घेतात. एक, रोख विकत घेऊन. यात दुकानदार साधारण दुपटीने विकतो, कारण न खपलेला माल त्याच्या गळ्यात असतो. दुसरा, विकल्यावर पैसे. यात दुकान तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कापून घेतं, आणि माल पडून राहिला, उन्हाने विटला, कोणी उचलून नेला तर फटका करणाऱ्याला. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे किंमत सारखीच दिसते. मी स्वतः रोख घेणाऱ्या दुकानातून चार पैसे जास्त देऊन घेते.

भाचीला म्हणूनच सांगा, पहिल्यांदा विकल्यावर-पैसे याच बोलीवर ठेवायला लागेल, नवख्याला रोख कोणी देत नाही. पण कागदावर लिहून घ्यायचं: किती नग दिले, दुकान किती टक्के कापणार, हिशेब महिन्याच्या कोणत्या तारखेला, खराब झालं तर कोणाचं, आणि किती महिन्यांनी माल परत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो आणि ‘ओके ताई’ हा करार नव्हे.

तिची चित्रं कापडावर किंवा बॅगांवर जाणार असतील तर आणखी एक. चित्रावरचा कॉपीराइट आपोआप मिळतो, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. पण वस्तूंवर वापरायचं डिझाइन नोंदणीयोग्य असूनही डिझाइन्स कायद्याखाली नोंदवलं नाही, आणि तशा पन्नासहून जास्त वस्तू यंत्राने निघाल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ ते हेच. भिंतीवर लावायच्या छापांना सहसा ही अडचण नाही, कुशन कव्हरं आणि टोट बॅगा काढायला लागली की आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढते. डिझाइन बाजारात किंवा इन्स्टाग्रामवर आणण्याआधी अर्ज करावा लागतो, नंतर केला तर ते ‘नवं’ राहत नाही. खरंच मोठा बेत असेल तर एकदा वकिलाला विचारा.

चारातली एकच वस्तू घ्यायची म्हणालात तर माझं मत लिनोकटला, पण भिंगाची परीक्षा झाल्यावर. बॅग आतून नीट असेल तर दुसरा नंबर. गंजिफा वरच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत थांबू द्या. चप्पल घ्यायचीच असेल तर संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्याला जराशी घट्ट वाटणारी जोडी घ्या. चामडं आठवड्याभरात सैलावतं. आणि पावसाळ्यात ती माळ्यावरच राहू द्या.