उत्तर: एलडीएल ९८ आलंय, तरी ॲडव्हान्स लिपिड टेस्ट करू का?

तुमचा रिपोर्ट वाचला: टोटल कोलेस्टेरॉल १९४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९८ आणि शेजारी 'नॉर्मल', वर तुमच्या वडिलांना ४९ व्या वर्षी हार्ट अटॅक. माझाही रिपोर्ट जवळपास असाच होता म्हणून लिहितोय. तो ९८ मोजलेला नाहीये हो, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढलाय, १९७२ चं सूत्र आहे आणि ट्रायग्लिसराइड चढलं की एलडीएल खोटं कमी दिसतं. नुसतं टोटल वजा एचडीएल करून बघा, १६० येतात. हे नॉन-एचडीएल, म्हणजे चांगलं सोडून बाकी सगळं कोलेस्टेरॉल, फुकटात कळतं आणि तुमच्या केसमध्ये ९८ पेक्षा जास्त खरं बोलतं.

मी डॉक्टर नाही, पण माझं मत विचाराल तर अपो-बी आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक वाईट कण) एवढ्या दोनच टेस्ट करा. अपो-बी हे प्रोटीन कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या दर वाईट कणावर एकच असतं, म्हणजे कण किती ते थेट कळतं. बाकी कणांच्या साइझचे रंगीत ग्राफवाले पॅकेज मला तरी पैसे उकळायचा धंदा वाटतो.

आता खरा वैताग. लायपोप्रोटीन-ए आधी ४६ आलं होतं, पुढच्या वेळी त्याच लॅबकडून १०८. डॉक्टर म्हणाले दुप्पट झालंय, सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करून घ्या. ही गोष्ट आईबापाकडून येते, आयुष्यभर जवळपास तेवढीच राहते, दुप्पट होईलच कशी? लॅबला फोन केला तर 'सर, मशीन जे देतं ते आम्ही देतो', मेल केला तर ग्राहक सेवेचं छापील उत्तर. शेवटी बायकोने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, तर आधीचं युनिट मिलिग्रॅम (वजन), नंतरचं नॅनोमोल (कणांची संख्या)! ५० मिलिग्रॅम म्हणजे ढोबळमानाने १२५ नॅनोमोल, म्हणजे मी होतो तिथेच. पण तोवर अँजिओचे पैसे भरून झालेले, घरच्यांची झोप उडाली ती वेगळीच, आणि लॅबने साधं सॉरी नाही म्हटलं. युनिट बदललंय हे एका ओळीत छापायला काय जात होतं यांचं?

उपाशी राहायची गरज नाही या दोन्हींना. आणि पॅकेजमध्ये 'अपो ए-१' असेल तर ते लायपोप्रोटीन-ए नव्हे, ते एचडीएलवरचं प्रोटीन, काउंटरवर सर्रास घोळ घालतात, कागदावर लिहूनच द्या.