सहा फुटी जोडीदाराच्या जॅबमधून आत कसं शिरायचं?

तुमचा प्रश्न असा, की उंची 5 फूट 5 इंच, बॉक्सिंगच्या स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) जोडीदार सहा फुटी, आणि आत जायला बघता तोवर त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसलेला असतो. माझी उंचीही तेवढीच. परळच्या एका लहान व्यायामशाळेत पहिलं दीड वर्ष मी नेमका हाच मार खाल्लाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बघा, तुम्ही उभे कुठे राहता. त्याचा हात पोचतो पण आपला पोचत नाही, असा एक पट्टा असतो. आपण तिथेच घुटमळतो. एक तर त्याचा जॅब हवेत जाईल इतकं बाहेर राहा, नाही तर कपाळ त्याच्या छातीशी येईल इतकं आत. मधला पट्टा फक्त ओलांडायचा.

ओलांडायचा कधी, हे मला कबड्डीने शिकवलं. शाळेत मी डावा कोपरा खेळायचो. लांब पायाचा चढाईपटू पाय टाकतो तेव्हा घाईने समोर गेलं की तो गुण घेऊन जातो. पाय मागे ओढत असताना झेप घेतली तर घोटा हातात येतो. जॅबचंही तसंच आहे. ताणलेला हात परत न्यावाच लागतो, आणि परत जाणारा हात मारू शकत नाही. त्याच्या मुठीच्या मागोमाग शिरा.

दोघांचाही डावा पाय पुढे आहे असं धरतो. जॅब निघाला की डोकं आपल्या उजवीकडे, त्याच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला न्या. चार बोटं पुरतात. वजन उजव्या पायावर येतं. तिथूनच उजवा पंच सरळ पोटात आणि लगेच डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा. वाकायचं ते गुडघ्यातून. कमरेतून वाकलात आणि नजर खाली गेली, की उंच माणसाचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, वाट बघतच असतो. मला एकदा असा बसलाय, दोन दिवस चपाती चावता येत नव्हती.

याचा सराव मी चाळीच्या गॅलरीत केला. कपड्यांची दोरी खांद्याच्या उंचीवर बांधायची, आणि एकेक पाऊल पुढे टाकत डोकं दोरीखालून या बाजूने त्या बाजूला काढायचं. हनुवटी खाली, डोळे समोर, हात गालाशी. रोज तीन-तीन मिनिटांचे चार राउंड. महिन्याभरात मांड्यांना सवय होते.

शिवाय स्वतःचा जॅब सोडू नका. डोक्यापर्यंत पोचत नसेल तर छातीवर, पोटावर मारा. दोन-तीनदा पोटात बसला की त्याची कोपरं खाली येतात आणि वरची वाट मोकळी होते. बाहेर पडताना मात्र सरळ मागे जाऊ नका, तसं गेलात की परत त्याच्याच पल्ल्यात सापडता. मारून झालं की बाजूला सरका. त्याच्या मागे मागे फिरणंही बंद करा. तो जिकडे निघालाय तिकडची वाट आडवं पाऊल टाकून अडवा. रिंग लहान असेल तर ते तुमच्याच फायद्याचं.

8 मार्च 1971 ची जो फ्रेझर आणि मुहम्मद अली यांची लढत नक्की बघा. अली 6 फूट 3 इंच, फ्रेझर सहा फुटांच्याही आत. फ्रेझरचं डोकं एका जागी थांबतच नाही. पंधराव्या राउंडमध्ये त्याच्या डाव्या हुकने अली खाली पडला, आणि लढत फ्रेझरने जिंकली. आपल्या मेरी कोमचंही बघा. एरवी 48 किलो किंवा त्याहून कमी वजनी गटात लढणारी ही बाई 2012 च्या लंडन ऑलिंपिकला 51 किलोत उतरली, कारण त्याहून लहान गटच नव्हता. मोठ्या चणीच्या मुलींशी लढून तिने कांस्य आणलं. तिची पावलं बघा, हात नंतर.

आणि उद्याच तुमच्या सरांना सांगून वेगळे राउंड मागून घ्या. 16 औंसचे ग्लोव्हज, हेडगार्ड, तोंडात माउथगार्ड, जोर निम्मा. जोडीदाराने फक्त जॅब मारायचा, तुम्ही फक्त पोटात. आठवड्यातून दोनदा, तीन राउंड. डोक्यावर मारायची मुभाच नसली की आत जाण्याशिवाय तुमच्यापुढे पर्याय उरत नाही. महिन्याने काय फरक पडला ते इथे जरूर कळवा.