लाँचची तारीख दिवाणजींना विचारून ठरव

काय रे, कसा आहेस,

तुझा मेसेज वाचला. सॉफ्टवेअर तयार झालंय, पंधरा दिवसात लाँच करायचंय, नवीन ॲप-सॉफ्टवेअर दाखवून मतं मिळवायच्या त्या प्रॉडक्ट हंट साइटवर टाकू का, इन्स्टाला ॲड चालवू का, रेट काय ठेवू, सगळं एका दमात विचारलंयस. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा म्हटलं बसून सलग लिहावं. आईला दाखवू नकोस, माझं शुद्धलेखन तिला शाळेपासून माहितीय.

आधी प्रॉडक्ट हंटचं उरकून टाकते. तिथला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्रीला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडं त्यांच्या उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. डेव्हलपर लोकांसाठी टूल केलं असतंस तर मीच म्हटलं असतं, टाक. तू केलंयस अडत दुकानाच्या पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या मालाचा जो हिशोबाचा कागद देतात त्याचं सॉफ्टवेअर. तिथं मतं देणारे सगळे तुझ्यासारखेच डेव्हलपर, कौतुक करतील, स्क्रीनशॉट काढून तू स्टेटसला लावशील, पण त्यातला एकपण बेदाणा विकत नाही रे.

आता पंधरा दिवसांचं. ही तारीख तू कशावरून काढलीस ते मला कळतं, तुझं कोडिंग संपलं म्हणून. पण अडत्याचं वर्ष तुझ्या कोडिंगवर चालत नाही. हळदीचे सौदे फेब्रुवारीपासून उन्हाळाभर जोरात असतात, नवा बेदाणा पण त्याच सुमाराला यायला लागतो, आणि त्यातच मार्चएन्ड येतो. तेव्हा तू दुकानात गेलास तर तुला कोणी हाकलणार नाही, चहा पण पाजतील, पण ऐकणार कोणी नाही, कारण बाहेर माल उतरतोय, आत शेतकरी पट्टीसाठी बसलाय आणि फोन वाजतोय. आणि दिवाळी? दिवाळीच्या आसपास बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद असतात, झिरो पेमेंटसाठी. सगळ्यांची येणीदेणी मिटवून खाती कोरी करायची आणि मग पुन्हा सौदे चालू. तू तासगावकडचा, तुला हे मी सांगायला नको, पण तू ते घरच्या बेदाण्याचे पैसे कधी येणार एवढ्यापुरतंच बघितलंयस. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या डोळ्यानं बघ ना. त्या दिवसात दिवाणजी, म्हणजे पेढीचा हिशोब लिहिणारा माणूस, जागेवर असतो, वह्या उघड्या असतात, मालकाच्या डोक्यात हिशोबच चालू असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकी शून्याच्या जवळ आलेली असते, म्हणजे शेकडो खात्यांचे ओपनिंग बॅलन्स टाकत बसायची तुझी डोकेदुखी निम्मी कमी. पाडव्याला वहीपूजन होतं, नवीन वहीबरोबर नवीन सॉफ्टवेअर ही गोष्ट मालकाला पटवावी पण लागत नाही. हळदवाल्यांना झिरो पेमेंटचा फायदा नाही, त्यांना 1 एप्रिल धरून चल, पण बोलणी डिसेंबर-जानेवारीतच झाली पाहिजेत, मार्चमध्ये कोण तुला वेळ देतंय.

म्हणजे तुझ्याकडं दिवाळीपर्यंतचे दिवस आहेत. ते ॲड डिझाईन करण्यात घालवू नकोस, दिवाणजींच्या शेजारी बसण्यात घालव.

हे जरा सविस्तर लिहिते कारण इथंच भलीभली सॉफ्टवेअरं मरतात. पैसे मालक देतो, पण वापरणार दिवाणजी. वीस-तीस वर्षं एकाच पेढीवर असलेला माणूस, कुठल्या शेतकऱ्याला किती उचल दिलीय ते त्याला वही न बघता सांगता येतं. त्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की हे पोरगं माझी नोकरी घालवायला आलंय का. तो तोंडावर तुला काहीच बोलणार नाही. फक्त महिनाभरानं मालकाला सांगेल की सॉफ्टवेअर हँग होतंय, आणि तुझा विषय संपला. तेव्हा डेमो मालकाच्या केबिनमध्ये द्यायचाच नाही, दिवाणजींच्या टेबलावर द्यायचा, आणि तू टाईप करायचं नाहीस, त्यांना करू द्यायचं. मग बघ काय होतं. त्यांचा उजवा हात नंबरपॅडवर असतो आणि एन्टर दाबत पुढं जायची सवय असते, तुझ्या स्क्रीनवर मात्र तारखेसाठी कॅलेंडर उघडतं आणि माऊसनं क्लिक करावं लागतं. तुला ते सुंदर वाटतं, त्यांना ते अडथळा वाटतं, आणि त्यांचंच बरोबर आहे. वजन, एन्टर, दर, एन्टर, हमाली-तोलाई आपोआप वजा, एन्टर, पट्टी तयार. माऊसला हात न लावता एक पट्टी निघाली की मग रंगाबिंगाचं बघ.

प्रिंटिंग पण तिथंच तपास. तुझ्या लॅपटॉपवर पीडीएफ झकास दिसते, पण बऱ्याच दुकानात अजून जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, कारण कार्बन लावून एकदम दोन-तीन प्रती निघतात. त्याच्यावर युनिकोड मराठी विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्रासारखी छापली जाते, एक पट्टी कुरकुरत किती वेळ घेते ते स्वतः उभं राहून बघ, समोर शेतकरी ताटकळलेला असताना. याच्यावर काय तोडगा काढतोस तो काढ, आकडे प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये आणि नावंच तेवढी मराठीत असं काही करता आलं तर बघ. आणि टॅलीशी, म्हणजे सीए लोकांच्या त्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरशी, भांडू नकोस. टॅलीवाले 1986 पासून या धंद्यात आहेत, मालकाच्या सीएला टॅलीच पाहिजे असते, तू फक्त दिवसाच्या एन्ट्र्या टॅलीत जातील अशी एक्सएमएल फाईल काढून दे. हे एवढं केलंस तर सीए तुझा सेल्समन होतो, फुकटचा. सांगलीत एका सीएकडं किती पेढ्यांची कामं असतात ते विचार कधीतरी.

रेटचं तू महिना 199 लिहिलंयस. हे कुठून आलं? दुसऱ्या कुठल्यातरी ॲपचं बघून लिहिलं असणार. वर्षाचे 2388 झाले. त्यात सांगली ते तासगावचं पेट्रोल, फोन, सर्व्हर, आणि सौद्याच्या दिवशी सकाळी प्रिंटर बंद पडला म्हणून तुला मारावी लागणारी चक्कर, बस की हिशोब करत. आपल्याकडच्या व्यापाऱ्याला दर महिन्याला पैसे कापून घेणं म्हणजे भाडं वाटतं, त्याला एकदाच घेऊन वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, भरायची सवय आहे, तर वर्षाचाच रेट सांग आणि त्यात एएमसी धरलेली आहे हे पण सांग. माझ्या मते आठ-दहा हजाराच्या खाली बोलूच नकोस. तो घासाघीस करणार, त्याचा धंदाच तो आहे, तेव्हा रेट न तोडता काम वाढवून दे, जुनी खाती मी स्वतः भरून देतो म्हण, दिवाणजींना दोन दिवस शिकवतो म्हण. फुकट मात्र कोणाला देऊ नकोस, ओळखीच्याला तर नाहीच. फुकट घेतलेलं कॉम्प्युटरमध्ये पडून राहतं, पैसे मोजलेले असले की माणूस फोन करून शिव्या घालतो, आणि सुरुवातीला तुला त्या शिव्याच पाहिजेत. सर्व्हिसमधून वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही, पण मग बिलात जीएसटी लावायचा पण नाही, हे लक्षात ठेव, एकदा सीएकडून खात्री करून घे.

मालकासाठी मोबाईल ॲप पण करतोयस म्हणालास. प्ले स्टोअरला 25 डॉलर एकदाच भरायचे हे तुला माहितीय, पण नवीन पर्सनल अकाउंट असेल तर आधी 12 टेस्टरनी सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंगला राहायला लागतं, मगच सगळ्यांसाठी टाकता येतं. कॉलेजच्या मित्रांना पकडून ते उरकू नकोस. व्यापारी आणि त्यांची पोरं घे त्यात.

दुकानदार एक गोष्ट हमखास विचारणार, माझा दर, माझी गिऱ्हाइकं शेजारच्या पेढीला दिसणार नाहीत ना. दोघांना तूच सॉफ्टवेअर दिलेलं असणार, म्हणून प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर दोन ओळीत, मराठीत, बिलाच्या मागं छापून दे. आणि एका पेढीची गोष्ट दुसऱ्या पेढीत चहा पिताना पण बोलायची नाही. यार्डात हे फार लवकर पसरतं, सॉफ्टवेअरच्या बगपेक्षा लवकर.

बॅकअपचं वेगळं सांगायची गरज पडणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरलं तेव्हा मालाबरोबर वह्या पण भिजल्या, ते लोक विसरलेले नाहीत. तू फक्त दाखव, हा कॉम्प्युटर बंद केला, हा माझा लॅपटॉप, ही तुमची कालची पट्टी. जाहिरातीत पुराचे फोटो मात्र टाकू नकोस, लई वाईट दिसतं ते.

इन्स्टाच्या ॲडचे पैसे सध्या खिशात ठेव. त्यापेक्षा दिवाणजींच्या हाताचा मिनिटभराचा व्हिडिओ काढ, त्यांना विचारून, वजन टाकल्यापासून पट्टी हातात येईपर्यंत, आणि तो पहिल्या मालकालाच त्याच्या ग्रुपवर टाकू दे. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना भेट, मार्केट यार्डात कुणाचा प्रिंटर कधी बिघडतो ते त्यांना माहिती, त्यांना ठरवून कमिशन दे. सपोर्टचा नंबर वेगळा घे, नाहीतर रात्री साडेदहाला आईच्या शेजारी बसून जेवताना पट्टीतली तूट समजावत बसशील.

येत्या रविवारी विश्रामबागला घरी ये. रेट एका कागदावर लिहून आण, लॅपटॉप आण, माऊस आणू नकोस. माझ्या ओळखीचे एक दिवाणजी आहेत, तोंडाने फटकळ आहेत पण मनात ठेवत नाहीत, त्यांना मी चारला बोलावते.

ताई